शॉकअप, एक नग

गणपतीपासून आईचं एकच पालुपद चालू होतं. "अगं, ही गाडी हाय का पाळणा?"

आमच्या हेरल्डमध्ये आई कायम पुढं, डावीकडं बसते. एक हात दाराला, दुसरा डॅशबोर्डला, मांडीवर पिशवी. स्पीडब्रेकर आला की गाडीचं नाक वर जायचं, खाली यायचं, परत वर, परत खाली. आम्ही पुढच्या चौकात पोचलो तरी मागच्या स्पीडब्रेकरचं डोलणं संपलेलं नसायचं. मला उजवीकडं स्टिअरिंग धरून बसल्यावर एवढं काही जाणवायचं नाही. त्यामुळं मी आईचं वय काढायचे आणि आई गाडीचं.

आधी मी रस्त्याला शिव्या घातल्या. कोल्हापुरात त्याला फार कारण शोधावं लागत नाही. पावसाळ्यात खड्डे पडतात आणि ते बुजवायच्या आत उसाचा हंगाम सुरू होतो. एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. मग टायरवर संशय घेतला. पुढच्या डाव्या टायरवरून हात फिरवला तर तो सगळीकडून सारखा झिजलेला नव्हता. बोटाला उंच-सखल लागायचं, रस्त्यावर टायर थोडा टेकून थोडा उडत गेल्यासारखं. अलाइनमेंटवाल्याकडं नेली. त्यानं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, नऊशे रुपये घेतले आणि वर म्हणाला, "मॅडम, जुनी गाडी हाय, असंच चालणार." मी पतसंस्थेत कॅशियर आहे. 'असंच चालणार' ऐकून पैसे मोजणं माझ्या अंगाला लागत नाही. पण मोजले.

शेवटी उद्यमनगरात मिस्त्रींकडं गेले. हे मिस्त्री म्हणजे आप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, मिस्त्रींचे चेले. आता स्वतः साठीच्या पुढं आहेत, पण आमच्या गाडीपुढं अजून चेल्यासारखेच उभे राहतात. त्यांनी ना जॅक लावला ना पाना उचलला. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार टाकला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, वर, खाली. मी मोजलं, चार हेलकावे. उजवीकडं तेच केलं, तिथं दोन.

"एकदा वर येऊन गप बसाय पायजे," मिस्त्री म्हणाले. "ही बघा, नंदीबैलागत मान हलवतीया. शॉकअप गेले ताई."

उजवीकडं दोन आणि डावीकडं चार का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. दिवसभर जमा-नावे जुळवणाऱ्या बाईला ते खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

गाडीविषयी थोडं सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढं जावं. आमची १९६७ ची स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची. मूळची ट्रायम्फ हेरल्ड १९५९ साली इंग्लंडात आली. तिचा आकार जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचा. आपल्याकडं मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं ती १९६१ पासून केली, ९४८ सीसीचं इंजिन घालून. पुढं त्यांनी चार दारांची हेरल्डही काढली, जी जगात दुसरीकडं कुठं झाली नाही. आप्पांनी आमची १९७४ मध्ये सेकंडहँड घेतली. अजून सिग्नलला कोणीतरी काच खाली करून विचारतंच, "फियाट का?" दसऱ्याला सगळं गाव छत्रपतींची मेबॅक मोटार बघायला दसरा चौकात लोटतं, एका वर्षी गर्दीमुळं आमची हेरल्ड व्हीनस कॉर्नरच्या अलीकडंच लावावी लागली, तर दोन पोरांनी तिच्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतले. आईला वाटलं ते तिचाच फोटो काढताहेत. तिनं पदर नीट केला.

या गाडीच्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक, ती पंचवीस फुटांत वळते. गुजरीत समोरून टेम्पो आला की काय करायचं, हा प्रश्न मला पडत नाही. दुसरी गोष्ट बॉनेट. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की मडगार्डांसकट अख्खं तोंडच पुढं कलंडतं. आत इंजिन, चाकं, चाकांना चासीशी धरून ठेवणारे आर्म, स्प्रिंगा सगळं उघड्यावर. पुढच्या चाकावर बसून काम करता येतं. आप्पा तिथंच बसून चहा घ्यायचे, बशीत ओतून, आणि बशी रेडिएटरवर ठेवायचे. हे काम आपण घरीच, आमच्या शाहूपुरीतल्या अंगणात करू असं मी मिस्त्रींना म्हणाले ते या बॉनेटच्या जिवावर.

आता शॉकअप म्हणजे काय, हे मलाही पन्नाशीला आल्यावर कळलं, म्हणून लिहिते. नावावरून वाटतं की धक्का तो खातो. धक्का खाते स्प्रिंग. पण स्प्रिंग खाल्लेलं पचवत नाही, परत फेकते, आणि फेकून झाल्यावर पुन्हा स्वतःच डोलत राहते. तिला गप करायचं काम शॉकअपचं. नळकांड्यात तेल, तेलात दांड्याच्या टोकाला बसवलेला पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा. गाडी डोलली की दांडा आत-बाहेर होतो, तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीनं जावं लागतं, आणि डोलण्याचा जोर तेल तापवण्यात संपतो. दांडा आत दाबताना थोडं सोपं जातं, बाहेर ओढताना जास्त जड. ते मुद्दाम तसं असतं, कारण खरी दंगा करते ती दाबलेली स्प्रिंग वर उसळताना. आमच्या हेरल्डला पुढं शॉकअप स्प्रिंगच्या पोटातच असतो. वर तीन नटांनी चासीच्या बुरुजाला धरलेला, खाली एका आडव्या बोल्टनं लोअर आर्ममध्ये. तीन नट आणि एक बोल्ट. कागदावर दोन तासांचं काम.

सामान इंग्लंडहून आलं. हेरल्ड, स्पिटफायर, व्हिटेस, जीटी सिक्स या सगळ्या एकाच घरातल्या. स्प्रिंगा वेगवेगळ्या, पण पुढच्या शॉकअपची बसण्याची जागा तीच. तिकडं स्पिटफायरचे शौकीन ढिगानं आहेत, म्हणून पार्ट अजून बनतात. माझा भाचा लेस्टरला असतो, तो दिवाळीला येताना घेऊन आला. त्याला बजावून सांगितलं होतं, गॅसचे नकोत, साधे तेलाचे आण. एक तर विमानात भानगड, आणि आपल्या गाडीला ते उगाच ताठ होतात. सोबत वरची रबरं, खालच्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) आणि नायलॉनचे लॉकनट. मिस्त्रींचं म्हणणं होतं की दुसऱ्या एका गाडीचे शॉकअप थोडी कापाकापी करून इथंच बसवता येतील, एक रुपया बाहेर जाणार नाही. बसवता आलेही असते. पण लांबी अर्धा इंच कमी पडली तर चाक खड्ड्यात उतरताना शॉकअपच आधी ताणला जातो आणि आतून तुटतो. या गाडीवर आधीच इतके शहाणपणाचे प्रयोग झालेत की आणखी एकाला जागा नव्हती.

आप्पांची एक वही आहे. लाल कापडी पाठीची, आडव्या रेघांची. गाडीवर खर्च झालेला प्रत्येक पैसा त्यात आहे, आणि मागच्या पानांवर त्यांचे नियम. 'डिस्ट्रिब्यूटरचे कव्हर पावसात कोरडे पुसणे.' 'ट्रॅफिकमध्ये तपमानाकडे पाहणे, पोलिसाकडे नंतर.' आणि लाल शाईत अधोरेखित: 'टायर, ब्रेक लायनर, शॉकअप — जोडीनेच बदलणे.' हा नियम त्यांच्या तोंडून मी लहानपणापासून इतका ऐकलाय की बाजारातून एक चप्पल तुटली म्हणून परत आले तरी ते म्हणायचे, जोडीनंच.

काम डिसेंबरातल्या एका शनिवारी काढलं. मिस्त्री सकाळी नऊला आले, सोबत त्यांचा पोरगा आणि पान्यांची पेटी. चाकांचे नट जमिनीवरच सैल केले, मग जॅक, मग चासीखाली दोन घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू देणार नाही, हा माझा नियम. वहीत नाही, पण असायला हवा. चाक काढल्यावर हबखाली लाकडी ठोकळा ठेवला, कारण शॉकअप निघाला की आर्म खाली लोंबकळतो आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो.

वरचे तीन नट इंची आहेत, अर्ध्या इंचाच्या पान्याचे. मिस्त्रींच्या पोरानं तेराचा पाना लावला. अर्धा इंच म्हणजे बारा पूर्णांक सात दशांश मिलिमीटर. फरक कागदावर किरकोळ, पण गंजलेल्या नटावर तेवढ्यानंच कोपरे गोल होतात. मिस्त्रींनी पाना त्याच्या हातातून काढून घेतला. "एमएमचा पाना इंची नटाला म्हंजी दुसऱ्याची चप्पल." पेटीच्या तळातनं तेलकट फडक्यात गुंडाळलेला इंची सेट निघाला. तिन्ही नट पाच मिनिटांत सुटले.

मग खालचा बोल्ट.

खालच्या बोल्टचा नटही सुटला. आम्ही खूश. पोरगं म्हणालं, चहा सांगा. बोल्टचं टोक पितळी दांड्यानं ठोकलं, तर बोल्ट एक सूतही हलेना. डोक्याला पाना घालून फिरवला तर फिरला! फिरला आणि सोडल्यावर पुन्हा जागेवर आला. परत फिरवला, परत मागं आला. दहा मिनिटं हा खेळ झाल्यावर मिस्त्री मागं सरकले आणि बसून राहिले.

झालं होतं असं. शॉकअपच्या खालच्या डोळ्यात, म्हणजे बोल्टसाठीच्या कड्यात, रबरी बुश असतो आणि बुशच्या मध्यात लोखंडी नळी. बोल्ट त्या नळीतून जातो. आमचा बोल्ट आणि नळी गंजून एक झाले होते. बोल्ट फिरवला की नळी फिरायची, नळीबरोबर रबर पिळायचं, आणि सोडलं की रबर आपला पीळ सोडून बोल्टला परत आणायचं. वरून घण घातला तर बोल्टचं टोक फुलून आणखी बसलं असतं.

गंज कुठून आला हे मला तेव्हाच कळलं. ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आलं तेव्हा आम्ही आईला घेऊन बहिणीकडं गेलो आणि गाडी अंगणात तशीच राहिली. परत आलो तेव्हा दारावर चिखलाची रेघ होती, गुडघ्याच्या थोडी वर. इंजिनचं तेल बदललं, गिअरचं बदललं, सीट उन्हात टाकल्या, वायरिंग निम्मं नवीन केलं. त्या धावपळीत आर्ममधल्या बोल्टचा विचार कोण करणार? दांड्यालाही तेव्हाच गंजाचे बारीक ठिपके पडले असणार. असा खडबडीत दांडा वर-खाली होताना सील कुरतडतो आणि तेल हळूहळू बाहेर येतं. डाव्या शॉकअपच्या अंगावर तेलात कालवलेल्या धुळीचा बोटभर थर होता, तो हाच.

पोरगं म्हणालं, गॅस मारू, लाल केला की निघंल. मिस्त्रींनी त्याच्याकडं असं बघितलं की ते चहाचे कप घेऊन आत गेलं. "आत त्याल हाय. बंद बाटलीतलं त्याल तापवलं की काय हुतंय ते तुज्या आज्ज्याला विचार." खरंच सांगते, ज्यांना जाम बोल्टवर गॅस मारायची सवय आहे त्यांनी शॉकअपजवळ हात आखडावा. सीलबंद नळकांडं फुटलं तर तोंडावर येतं.

रॉकेल आणि गिअर ऑइल मिसळून दिवसभर थेंब-थेंब सोडलं. रात्रभर भिजू दिलं. रविवारी सकाळी पुन्हा फिरवलं, पुन्हा मागं आला. मग मिस्त्रींनी शेवटचा उपाय काढला: शॉकअप तर टाकायचाच आहे, मग बोल्टच कापा. डोळा आणि आर्मचा कान (बोल्ट धरणारी पट्टी) यांच्यामध्ये हॅक्सॉचं पान जाईल एवढी फट रबर दाबून मिळते. पान फ्रेममधून काढून, एका टोकाला चिंधी गुंडाळून, हातात धरून कापायचं. आधी पुढची बाजू, मग मागची. मी, मिस्त्री आणि पोरगं पाळीपाळीनं. माझी पाळी आली तेव्हा मिस्त्री "ताई, ऱ्हाऊ द्या" म्हणाले. म्हटलं, "मी कापतो की, सरका." (बोलताना आम्ही कोल्हापूरच्या बायका 'कापतो'च म्हणतो. लिहिताना तेवढी सुधारते.) सव्वा तास आणि चार पानं लागली. बोल्ट तुटला तेव्हा 'टण्' असा आवाज झाला आणि आई आतून म्हणाली, "काय मोडलं?"

अँटीरोल बारची (वळणात गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याची) लिंक सोडली, आर्म आणखी खाली गेला, आणि स्प्रिंगसकट शॉकअप बाहेर आला. लहान बाळाएवढा, आणि तसाच दोन्ही हातांनी धरावा लागणारा.

उजवीकडचा बोल्ट, ऐका, उजवीकडचा बोल्ट दोन फटक्यांत निघाला. ग्रीस लावून बसवलेला होता. मिस्त्री "वा" म्हणाले. मला तिथंही काही खटकलं नाही.

आता स्प्रिंग. हे काम मात्र घाईचं नाही. शॉकअपच्या दांड्याच्या टोकावरचा नट स्प्रिंगला दाबून धरून असतो. तो तसाच सोडला तर स्प्रिंग, वरची थाळी आणि नट सगळं बंदुकीसारखं सुटतं. मिस्त्रींची जुनी पद्धत तारेनं वेटोळी आवळून बांधायची. त्यांच्या गॅरेजच्या पत्र्याला एक भोक आहे, ते याच पद्धतीनं पडलेलं, असं ते स्वतःच अभिमानानं सांगतात. मी त्यांच्याच शेजारच्या लेथवाल्याकडून दोन क्लॅम्प करून घेतले होते: जाड आट्याचा दांडा, दोन्ही टोकांना वेटोळ्यात अडकणारे आकडे. समोरासमोर लावायचे आणि दोन्ही थोडे थोडे, पाळीनं आवळायचे. एकच आवळत गेलात तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा निसटतो. शॉकअप शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरला, स्प्रिंग थाळीपासून सुटून हातानं हलायला लागली, मग वरचा लॉकनट काढला. वायसर आणि रबरं कुठल्या क्रमानं निघाली त्याचा फोटो काढून ठेवला. सगळं सुटं झाल्यावर ते वायसर सारखेच दिसतात, आणि सारखे नसतात.

दोन्ही जुने शॉकअप मी वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले आणि तेव्हा कुठं ट्यूब पेटली.

ते एक जोडी नव्हतेच. डावा काळा, जाड पत्र्याचं आवरण, खालचा डोळा गोल. उजव्याचा रंग हिरवट, आवरण थोडं आखूड, वेल्डिंगची रेघ वेगळी. दांडा हातानं ओढून बघितला. डावा सायकलच्या रिकाम्या पंपासारखा सरकला, आतून नुसता फुस्स. उजव्याला अजून थोडी धुगधुगी होती. ओढताना अडायचा, मध्येच एकदा सुटायचा, परत अडायचा.

मी आत जाऊन वही आणली. शॉकअपची एकच नोंद, १९८६ च्या मार्चमधली. 'शॉकअप पुढील १ नग. मद्रास पार्सल.' ही ओळ मी याआधी दहा वेळा तरी वाचली असेल. दरवेळी एक जोडी असंच वाचलं, कारण आप्पा आणि एक नग हे डोक्यातच बसत नव्हतं. कॅशियर बाई! 'नग' म्हणजे नग.

आई भाजी निवडत होती. तिला विचारलं.

"दोन मागवलं हुतं," ती म्हणाली. "आला एकच. दुसरा म्हागनं धाडतो म्हणून पत्र आलं. तो काय आलाच न्हाई. तवा गाडीच बंद झालीती कंपनीची, कुठला मिळतोय."

"मग तो एक उजवीकडं का बसवला?"

"का म्हंजे? ते तिकडं बसायचे."

मिस्त्रींनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते.

"आन् मी हिकडं," आई म्हणाली. "तवापास्नं सांगतोय, पाळण्यागत वाटतंय म्हणून. आदी तेनी ऐकलं न्हाई, आता तू."

१९८६ पासून. गाडी मधली बरीच वर्षं उभीच होती हे खरं, पण चालली तेवढी आईच्या बाजूनं १९६७ च्या शॉकअपवर चालली. ज्या माणसानं लाल शाईनं 'जोडीनेच' लिहून खाली रेघ मारली, त्यानंच. ती रेघ पार्सलच्या आधीची की नंतरची, हे मला शाईवरून ओळखता आलं नाही.

नवीन बसवायला मात्र वेळ लागला नाही. शॉकअप आडवे पडून आलेले असतात, आत हवा आणि तेल मिसळलेलं असतं. उभे धरून सहा-सात वेळा पूर्ण वर-खाली केले, हिसका जाऊन सगळीकडून सारखं जड लागेपर्यंत. स्प्रिंगचं टोक थाळीच्या खाचेत नीट बसलंय ना बघितलं. खालच्या डोळ्याची दिशा आर्मशी जुळली पाहिजे, नाहीतर सगळं आवळून झाल्यावर कळतं आणि पुन्हा क्लॅम्प. कापलेल्या बोल्टच्या जागी नवा उद्यमनगरातून सोमवारी आणला. दुकानदार म्हणाला, "इंची, बारीक आटा, हायटेन्साइल? ताई, आता ही भाषा कोण बोलत नाही." पण दिला. त्याला मी आट्यांवर नाही, सपाट भागावर भार येईल अशा लांबीचा मागितला. कानात आटे गेले तर ते खाऊन भोक मोठं होतं. आणि बोल्टला ग्रीस चोपडलं, पुढच्या पुरासाठी.

एक चूक मिस्त्री करणार होते. खालचा बोल्ट गाडी घोडीवर असतानाच कचकचून आवळायला निघाले. आर्म लोंबलेला असताना आवळला तर बुशची नळी त्या जागी पकडली जाते, आणि गाडी खाली आल्यावर रबर जन्मभर पिळलेलं राहतं. लवकर फाटतं. म्हणून नुसता बोटानं लावला, गाडी चाकांवर उतरवली, पुढची बाजू दोन-चारदा दाबली आणि मग आडवं पडून आवळला.

त्यांनी दुसरी एक चूक करायची तयारी आधीच केली होती: ग्रीसगन भरून आणली होती, ट्रनियनसाठी. हेरल्डच्या पुढच्या चाकाची उभी कांब खाली पितळेच्या ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरते. तिथं ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं, नव्वदचं. ग्रीस आत जाऊन दगड होतं, पाणी शिरतं, कांब आट्यांपाशी गंजते आणि एके दिवशी चाक बगलेत दुमडून गाडी नाकावर बसते. देशभरातल्या किती हेरल्ड अशा बसल्या असतील देव जाणे. मिस्त्रींचं म्हणणं, चाळीस वर्षं ग्रीसच भरतोय. मी म्हटलं, चाळीस वर्षांत किती हेरल्ड उरल्या ते सांगा. त्यावर ते काही बोलले नाहीत आणि ऑइल भरलं.

पुढच्या रविवारी पन्हाळ्याला गेलो. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, मग घाट. केर्लीच्या पुढं एक ट्रॅक्टर आडवा येता येता राहिला. ब्रेक मारला तर नाक खाली गेलं, वर आलं आणि गप बसलं. वळणात आधी गाडी 'थांब, विचार करते' म्हणून मग कलायची. आता वळते म्हटल्यावर वळते. स्टिअरिंग किंचित जड वाटतं, किंवा आधी मला ते हलकं वाटायची सवय झाली होती. मागची बाजू मात्र आता जास्त उसळते असं वाटायला लागलंय. तिकडची आडवी पाटा स्प्रिंग आणि आतल्या बाजूला दुमडणारी चाकं हा वेगळा कुटाणा आहे, त्याला सवडीनं बघेन. डावीकडून खड्ड्यात टक्-टक् येतं ते लिंकच्या बुशचं असावं.

आईनं वाटेत दाराला हात लावला नाही. हात पिशवीवर होते. तीन दरवाज्यापाशी उतरताना म्हणाली, "जरा कडक झालीया." तेवढंच. परत येताना झोपली.

जुना डावा शॉकअप भंगारात दिला. उजवा, तो हिरवट, मिस्त्रींनी पुसून गॅरेजात खिळ्याला टांगला. "असू द्या, कुणाला लागला तर." माझ्या मते तो कुणालाही लावू नये, अडत-सुटत चालणारा शॉकअप भरवशाचा नसतो. पण तो मागच्या आठवड्यात लागला. इचलकरंजीचे एक गृहस्थ, त्यांच्याकडं चार दारांची हेरल्ड आहे, कुठून तरी ऐकून थेट आमच्या दारात. एका बाजूचा शॉकअप त्यांनी काढूनच टाकलाय म्हणाले, नुसत्या स्प्रिंगवर चालवतात. मिस्त्रींना बोलावून घेतलं. मिस्त्रींनी त्यांना उभं करून पूर्ण पंधरा मिनिटं ऐकवलं, शॉकअप जोडीनंच कसा बदलायचा असतो, एक जुना एक नवा कसा चालत नाही, लंडनहून मागवा, ताईंचा भाचा आहे. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते मागवतो की. पण तवर हा द्या."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, द्या बाबा. पैसे नकोत, फक्त नवे येईपर्यंतच लावा.

आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. तिनं विचारलं, "काढलेला कुठल्या बाजूचा?"

"दोन्ही बाजूला बसतोय ओ आई, एकसारकंच असतंय. लावू कुटं बी."

"कुटं बी न्हवं," आई म्हणाली. "मालकीण कुठं बसती तुमची? तिकडं लावा."